रात्रीचा रकाना

नाशिक,
आषाढी एकादशी

चि. राणीस,


तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला प्रवासाचा तक्ता काल रात्री मोबाइलवर मोठा करून वाचला. आज सकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि पेन घेऊन बसलो. दिवाळीच्या सुट्टीतले पंधरा दिवस. आधी दार्जिलिंग, गंगटोक, लाचेन, गुरुडोंगमार सरोवर, मग भूतान, मग नेपाळ आणि शेवटी मुक्तिनाथ. सोबत तुझे आईबाबा, जावईबापू आणि आठ वर्षांचा छोटू. पोरगी आईबाबांना हिमालय दाखवायला निघाली आहे, हे वाचून मला किती बरं वाटलं ते पत्रात सांगता यायचं नाही. म्हणूनच जे लिहितो आहे ते नीट वाच. पंचवीस वर्षं मी आपल्या मंडळींचे गट घेऊन त्या डोंगरांत गेलो. तिथे शिकलेलं तुझ्या हाती दिलं नाही तर ते शिकून काय उपयोग?

तुझ्या तक्त्यात पाच रकाने आहेत: तारीख, काय पाहायचं, अंतर, हॉटेल आणि खर्च. डोंगरात सगळ्यात आधी लागतो तो रकाना मात्र त्यात नाही. त्या रात्री आपण किती उंचीवर झोपणार? आज बसून प्रत्येक तारखेसमोर ते मीटरमध्ये लिही. एवढं केलंस की निम्मी आखणी आपोआप सुधारेल.

आपल्या कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. गंगटोक जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आहे, तिथे कुणाला काही होत नाही. लाचेन सुमारे २,७०० मीटर. आणि गुरुडोंगमार? १७,००० फुटांच्या आसपास, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई, त्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी थोडं कमीच पडेल. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. प्रत्येक श्वासाला मिळणारा प्राणवायू त्याच हिशेबात घटतो. शरीर याची सवय करून घेतं, पण स्वतःच्या गतीने. २,५०० मीटरच्या पुढे सावध राहायचं. ३,००० च्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबायचं, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलं तर त्रास पुष्कळ कमी होतो. त्यालाही मर्यादा आहे, आणि ती मी ओलांडली होती.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. सोळा जणांचा गट घेऊन मी लाचेनला पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. कार्यक्रमात लिहिलेलं होतं, पहाटे चारला गुरुडोंगमारकडे प्रस्थान. लिहिणारा मीच. गटात एक सत्तरीचे आजोबा होते, निवृत्त शिक्षक, सगळ्यांचे लाडके. वाटेत थांगू गावी चहासाठी थांबलो तेव्हा मी सगळ्यांना विचारलं, “बरं आहे ना?” सगळे म्हणाले, “हो.” आजोबाही म्हणाले. पुढे तासाभराने गाडी थांबली. आजोबा खाली उतरले आणि स्वेटरची बटणं लावू लागले. एक बटण भलत्याच काजात गेलं. ते काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा भलतीकडेच. बोटं त्यांची होती, पण त्यांचं ऐकत नव्हती. मला वाटलं, थंडीने बोटं आखडली असतील. आमचा ड्रायव्हर मात्र स्टिअरिंगवरून त्यांच्याकडे एकटक पाहत होता. त्याने मला काही विचारलं नाही. “साब, नीचे,” एवढंच म्हणाला आणि गाडी वळवली.

संध्याकाळी लाचेनला आजोबांनी वरणभात खाल्ला. तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून विचारलं, “केव्हापासून त्रास होत होता?” म्हणाले, “रात्रभर डोकं फुटत होतं. पण माझ्यामुळे पंधरा जणांचं सरोवर बुडलं असतं.”

राणी, ते वाक्य मी विसरलेलो नाही. खोटं बोलणारा तो माणूस नव्हता. माझ्या कार्यक्रमात खरं बोलायला जागाच ठेवलेली नव्हती. एक दिवस चुकला की पुढची सगळी माळ तुटेल अशी आखणी असली, की घरातलं सगळ्यात समजूतदार माणूस सगळ्यात आधी दुखणं लपवतं. तुझ्या घरात ते माणूस कोण, हे मी सांगायला नको. तुझी आई माझी बहीण आहे. तिला लहानपणापासून ओळखतो.

तेव्हा पहिलं सांगणं: पंधरा दिवसांत दोन दिवस कोरे ठेव. “जमलं तर हे पाहू” असंसुद्धा त्यांच्यासमोर लिहू नकोस. कोऱ्या दिवसाचेही पैसे पडतात, हे मला कळतं. भूतानमध्ये आपल्या लोकांना शाश्वत विकास शुल्क म्हणून माणशी रात्रीला १,२०० रुपये भरावे लागतात आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मे. म्हणजे तुम्हा पाच जणांचे रोजचे ५,४०० झाले, वर हॉटेल आणि गाडी. तरीही सांगतो, त्या दिवसाचे पैसे आनंदाने भर.

दुसरं: सिक्कीम या खेपेला सोड, त्याबरोबर दार्जिलिंगही. जड जाईल, पण दोन्ही आपल्याच देशात आहेत. पुढच्या मे महिन्यात नुसतं सिक्कीम करा, गंगटोकला तीन रात्री राहा, लाचेनला दोन राहा. शिवाय तिथला रस्ता बेभरवशाचा आहे. ४ ऑक्टोबर २०२३ ला दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तिस्तेला पूर आला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि उत्तर सिक्कीम कितीतरी दिवस तुटलेला राहिला. सिलिगुडीहून गंगटोकला जाणारा महामार्गही तिस्तेच्या काठाने जातो आणि दरडी कोसळून वरचेवर बंद पडतो. अशा रस्त्यावर अडकून पुढचं भूतानचं बुकिंग हातचं घालवू नकोस.

मग राहिले भूतान आणि नेपाळ. मी रात्रीचा रकाना भरून पाहिला. बागडोगऱ्याला उतरून फुन्त्शोलिंगला एक रात्र, तीनेकशे मीटर. थिंफूला दोन, सुमारे २,३०० मीटर. दोचुला खिंड ओलांडून पुनाखाला एक. खिंड ३,१०० मीटरची, पण झोपायचं खाली, बाराशेवर. मग पारोला तीन रात्री, सुमारे २,२०० मीटर, आणि त्यातला एक दिवस कोरा. पारोहून विमानाने काठमांडू, दोन रात्री, १,४०० मीटर. पोखऱ्यात एक रात्र, जोमसोमला एक, सुमारे २,७०० मीटर. दुसऱ्या दिवशी मुक्तिनाथाचं दर्शन घेऊन परत पोखऱ्यात दोन, त्यातला एक दिवस कोरा. शेवटची रात्र काठमांडूत. चौदा रात्री झाल्या आणि एकाही रात्री ३,००० च्या वर झोपायचं नाही.

कोरे दिवस तिथेच का, तेही सांगतो. पारोचा विमानतळ डोंगरांच्या कुशीत आहे. तिथे वैमानिक डोळ्यांनी दरी पाहून, दिवसाउजेडी विमान उतरवतात. ढग आले की विमान थांबतं. म्हणून पारोहून निघायच्या दिवशी पुढचं दुसरं विमान कधीही जोडू नकोस. काठमांडूचं विमान रोज असेलच असंही धरू नकोस, आधी वेळापत्रक पाहून मग बाकीच्या तारखा ठरव. आणि खिडकी मागशील ती उजव्या बाजूची. पश्चिमेकडे जाताना बर्फाची रांग उजवीकडे असते. आईला तिथे बसव.

जोमसोमचंही तसंच. काली गंडकीच्या दरीत सकाळी उशिरापासून वारा असा सुटतो की विमानं पहाटेपहाटेच ये-जा करून घेतात. एक सकाळ ढगात गेली की तो दिवस गेला. मग जीपने जा, पण खड्ड्याखुड्ड्यांतून सगळा दिवस जातो. पोखऱ्यातला कोरा दिवस त्यासाठी. काठमांडू ते पोखरा नकाशावर जेमतेम २०० किलोमीटर दिसतं, पण गाडीने सात-आठ तास धर. डोंगरात किलोमीटर मोजू नये, तास मोजावेत.

पारोला तक्तसांग मठ आहे, कड्याला चिकटलेला, ३,१२० मीटरवर. १९९८ साली आगीत जळाला होता, पुन्हा बांधून काढला. वाट चांगली आहे, पण जाऊन येऊन पाच-सहा तास लागतात आणि शेवटी पायऱ्यांनी खाली उतरून पुन्हा चढावं लागतं. अर्ध्या वाटेवर उपाहारगृह आहे, तिथवर घोडाही जातो. बाबांचे गुडघे पाहता त्यांनी तिथेच थांबावं. समोर मठ दिसतो. चहा घेत बघत बसावं. हे आधीच ठरवून, त्यांच्याशी बोलून ने. वाटेत ऐनवेळी “तुम्ही इथेच थांबा” म्हटलं की माणसाला लागतं.

मुक्तिनाथाला देवळामागे १०८ मुखांतून बर्फासारखं पाणी पडतं. लोक त्याखालून धावत जातात. बाबांना रक्तदाब आहे. ३,७०० मीटरच्या वर अंगावर एकदम गार पाणी घ्यायचं नाही, काकस्नान पुरे. देवाला तेवढं पोचतं.

कागदपत्रांचं: भूतानला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्डावर जाता येत नाही. भारतातून विमानाने नेपाळला जाताना मतदार ओळखपत्र चालतं, पण तुम्ही भूतानहून उतरणार. तेव्हा पाचही जणांचे पासपोर्ट असू देत, सहा महिन्यांहून जास्त मुदतीचे. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी दोन्ही देशांच्या दूतावासाची माहिती पुन्हा वाच. भूतानचं चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचं आहे. नेपाळचे १६० रुपये म्हणजे आपले १००. शंभराच्या नोटांची जुडी जवळ असू दे. घड्याळ भूतानमध्ये अर्धा तास पुढे आणि नेपाळमध्ये पाव तास. छोटूला हे काम दे, प्रत्येक सीमेवर सगळ्यांची घड्याळं त्याने लावायची.

तिहार, म्हणजे नेपाळची दिवाळी, आटोपून लोक गावाहून परततात तेव्हा काठमांडूकडची विमानं आणि बस गच्च भरतात. परतीची तिकिटं आत्ताच काढ. दोन्ही देशांत चालणारा प्रवासविमा घे आणि तो किती उंचीपर्यंत लागू आहे, हेलिकॉप्टरचा खर्च देतो की नाही, हे बारीक अक्षरात वाच. बाबांच्या डॉक्टरांना रात्रीचा रकाना दाखव. उंचीसाठी ॲसिटाझोलामाइड द्यायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील. दुकानातून आणून कुणाला देऊ नकोस. आणि त्रास असताना कुणी वर जायचं नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर तिथेच थांबायचं. चालताना तोल जातोय, बोलणं विस्कळीत होतंय, बसल्याजागी धाप लागतेय, तर रात्र असो की पाऊस, खाली यायचं. शंका आली तर जमिनीवर सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालायला सांग. किंवा बटणं लावायला सांग.

रोज रात्री जेवण झालं की एकेकाला वेगवेगळं विचार, सगळ्यांसमोर नको: डोकं दुखतंय का, झोप लागली का, जेवण गेलं का. आईला विचारशील तेव्हा तो तक्ता हातात घेऊन जा. तिला कोऱ्या ओळी दाखव आणि सांग, “हा दिवस तुझ्यासाठीच ठेवलाय, उद्या आपल्याला कुठेही पोचायचं नाही.” मग ती खरं सांगेल.

नवा तक्ता करशील तेव्हा मला पाठव. त्यात काय काय पाहणार हे मी वाचणार नाही. रात्रीचा रकाना वाचेन आणि दोन ओळी कोऱ्या आहेत ना, एवढं पाहीन.

तुझा,
मामा

ता. क. छोटूचा जन्माचा दाखला बरोबर घे. आणि त्याच्या खिशात तुझा नंबर आणि हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी रोज सकाळी बदलून ठेव.