कातडीवरचे फुलपाखरू

फुलपाखराची आकृती अंगावर गोंदवून घेऊ इच्छिणाऱ्यास अर्थांची वानवा कधीच भासत नाही. उलट त्यांची इतकी गर्दी झालेली असते की, त्यांतला आपला कोणता आणि परका कोणता हे निवडणेच दुष्कर व्हावे. ग्रीकांची सायकी ही आत्म्याची प्रतिमा, आणि तिला चित्रकारांनी फुलपाखराचे पंख दिले. मेक्सिकोतील मिचोआकान राज्यात मोनार्क फुलपाखरांचे थवे उत्तरेकडून नोव्हेंबरच्या आरंभी, म्हणजे नेमके मृतांच्या स्मरणोत्सवाच्या सुमारास येतात, आणि त्यांना घरी परतलेले पितर मानण्याची तिथे प्रथा आहे. ल्युपस या व्याधीत नाकागालांवर उमटणारे पुरळ पंखांच्या आकाराचे असते, म्हणून त्या रुग्णांनीही हेच चिन्ह आपलेसे केले. मी मात्र माझ्या डाव्या मनगटावर महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून 2015 साली मान्यता पावलेला नीलवंत काढवून घेतला, तो केवळ आमच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडावर तो नित्य येत असे आणि आईला त्याचे कौतुक होते, एवढ्याच कारणास्तव, तरीही आगगाडीत शेजारी बसलेल्या एका बाईंनी त्याकडे पाहत मोठ्या आस्थेने मला विचारले, "तुम्हांलाही ल्युपस आहे का हो?" चिन्ह एकदा चारचौघांत आले की त्याचा अर्थ लावण्याची मुभा चारचौघांना आपोआप मिळते, आणि ती ज्याला जाचेल त्याने अस्तनीखाली झाकेल अशी जागा पत्करावी हे बरे.

परंतु अर्थापेक्षा कितीतरी अधिक विचार कातडीचा करावा लागतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. माझा नीलवंत रुपयाच्या नाण्याएवढा. कागदावरचा मसुदा देखणाच होता: मखमली काळे पंख, त्यांत केसासारख्या शिरा, मागच्या पंखांवर फिक्या निळ्या पट्ट्यात ठिपक्यांची रांग. काही वर्षांतच शिरा एकमेकींत मिसळल्या, ठिपके जुळून एक सलग काळपट कड झाली, आणि निळ्या रंगाने साबणाच्या वडीवर उरलेल्या डागाची कळा धारण केली. यात गोंदणाऱ्याचा हात चुकला असे म्हणवत नाही. शाई त्वचेच्या आतल्या थरात जाते, तिथल्या पेशी तिचे कण गिळून धरून ठेवतात, त्या पेशी मेल्या की शेजारच्या ते कण उचलतात, आणि या हस्तांतराच्या दीर्घ व्यवहारात रेघ थोडी थोडी रुंदावतच जाते. तेव्हा दुकानात ताज्या कामाची छायाचित्रे दाखवतात ती पाहून न भुलता, चार-पाच वर्षे मुरलेल्या कामाची मागावीत. शिरांसह फुलपाखरू हवे असेल तर ते निदान तळहाताएवढे घ्यावे, आणि लहानच हवे असेल तर शिरांचा हट्ट सोडावा.

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होते. काजळीच्या शाईने, एकाच रंगात, ठिपक्यांमध्ये भरपूर अंतर सोडून गोंदलेले ते वृंदावन, हात सुरकुतल्यावर आणि शाई हिरवट पडल्यावरही, दुरून ओळखू येत असे; गोंदणाऱ्या बायांना हे शहाणपण कोणी शिकवले असेल ते असो.

रंगाविषयीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. दक्षिण अमेरिकेतील मॉर्फो फुलपाखराचे छायाचित्र घेऊन पुष्कळजण जातात. पण त्याचा झळझळीत निळा हा रंगद्रव्याचा नव्हेच, पंखांवरील सूक्ष्म खवल्यांच्या रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ आहे, आणि तो कोणत्याही शाईच्या बाटलीत मिळत नाही. तसेच मिशांकडेही पाहावे: फुलपाखराच्या मिशांची टोके गाठीसारखी जाडसर असतात, पिसासारख्या मिशा पतंगाच्या, ही गफलत अनेकांच्या खांद्यांवर कायमची कोरलेली मी पाहिली आहे.

सर्वांत मोठी अडचण सममितीची. फुलाची एक पाकळी वाकडी झाली तर खपते, परंतु दोन्ही पंख सारखे नसले तर कोणाचीही नजर तिथेच अडखळते. माझ्या हातावरचा छाप तळवा वर करून टेबलावर ठेवलेल्या हातावर उमटवला गेला. हात सहज खाली सोडला की कोपरापुढचा भाग वळतो, कातडी ओढली जाते, आणि डावा पंख तिरपा होतो. म्हणून सुई लागण्यापूर्वी उभे राहावे, हात मोकळा सोडावा, आरशात पाहावे, आणि छाप न पटल्यास तो बेलाशक पुसायला लावावा. भिडेस्तव गप्प बसू नये.

सैन्यात जाण्याचा मनोदय असणाऱ्यांनी भरतीचे नियम आधी वाचावेत, कारण सर्वसाधारण उमेदवारास कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू यांखेरीज कायमचे गोंदण चालत नाही. रक्तदात्यांना गोंदवल्यापासून बारा महिने थांबावे लागते. आणि पुढे लेसरने पुसू, या भरवशावर रंग निवडू नयेत: काळी शाई बऱ्यापैकी हटते, हिरवी व पिवळी चिवटपणे टिकून राहते, तर पांढरी कधी कधी त्या किरणांनी काळवंडते.