बायबल वाचताना : अक्षर आणि अर्थ



काही महिन्यांपूर्वी एक मावशी रविवारच्या मिस्सानंतर मला भेटायला आल्या. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. एका प्रार्थनासभेत त्यांना कुणीतरी सांगितले होते, "याकोबाच्या पत्रात काय लिहिले आहे ते वाचा. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, त्याला तेल लावावे, म्हणजे प्रभू त्याला उठवतो. त्यात डॉक्टरचे नाव कुठे आहे? विश्वास असेल तर गोळ्या कशाला?" मावशींनी गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या चक्कर येऊन पडल्या आणि मुलांनी त्यांना हॉस्पिटलात नेले. आता प्रकृती ठीक आहे. पण त्यांच्या मनाला एकच प्रश्न टोचत होता, "फादर, माझा विश्वास कमी पडला का?"

मी म्हणालो, "मावशी, विश्वास कमी पडला नाही. वचन वाचण्याची रीत चुकली आणि ती चूक तुमची नव्हे." हे आपण सर्वांनीच नीट समजून घ्यायला हवे, म्हणून हा लेख.

मुलगा शाळेतून आला आणि म्हणाला, "आई, पोटात कावळे ओरडतायत," तर आई त्याचा एक्स-रे काढायला धावत नाही, ताट वाढते. ती शब्द सोडून देते असे नाही, उलट शब्दांचा खरा अर्थ तिलाच कळलेला असतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हेच शिकविले. बायबलच्या सर्व अर्थांचा पाया म्हणजे शब्दार्थ. पण जिथे देवाच्या बाहूचा उल्लेख येतो, तिथे देवाला हात आहे हा शब्दार्थ नव्हे, देवाचे सामर्थ्य हा शब्दार्थ आहे. लेखकाला जे सांगायचे आहे तोच शब्दार्थ. अक्षराला चिकटून बसणे आणि शब्दार्थ समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बायबल हा एक ग्रंथ दिसत असला तरी ते अनेक ग्रंथांचे कपाट आहे. त्यात इतिहास आहे, कायदे आहेत, गीते, बोधवचने, दाखले, पत्रे आणि दृष्टान्त आहेत. स्तोत्र हे सातबाराच्या उताऱ्यासारखे वाचता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'देई वेर्बुम' हा दस्तऐवज जाहीर केला. लेखकाने कोणता साहित्यप्रकार वापरला, त्याच्या काळात लोक कसे बोलत व लिहीत असत, हे पाहूनच अर्थ लावावा असे त्यात सांगितले आहे. आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य कळवायचे होते ते बायबल निश्चितपणे शिकविते, असेही परिषद म्हणते.

ही समज नसली की काय होते, याचा धडा ख्रिस्तसभेने स्वतः घेतला आहे. यहोशवाच्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात सूर्य थांबल्याचे वर्णन आहे. त्याचा आधार घेऊन पृथ्वी फिरते हे मत धर्मविरोधी ठरविले गेले आणि १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाली. त्या काळच्या ईशज्ञानपंडितांची ती चूक होती, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली मान्य केले. बायबल खोटे नव्हते. त्याला जो प्रश्न विचारला गेला तो त्याचा विषय नव्हता.

मग वाचायचे कसे? परिषदेने तीन खुणा दिल्या आहेत : संपूर्ण बायबलची एकवाक्यता, ख्रिस्तसभेची जिवंत परंपरा आणि श्रद्धेच्या सत्यांचा परस्परमेळ. याकोबाचे वचन आता या खुणांनी तपासून पाहू. बेनसिरा ३८व्या अध्यायात सांगतो की वैद्याचा मान राखा, औषधे परमेश्वरानेच भूमीतून निर्माण केली आहेत. २ राजे २० मध्ये हिज्कीया राजाला बरे करण्याचे वचन देव देतो, तरीही यशया संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला लावतो. आणि ज्या ख्रिस्तसभेने याकोबाचे वचन रुग्णांच्या तैलाभ्यंगाच्या साक्रामेंतात जपले, त्याच ख्रिस्तसभेने शतकानुशतके रुग्णालये चालविली. तेल आणि गोळी यांचे भांडण बायबलमध्ये नाही. ते आपण लावून दिले आहे.

मार्क १६:१८ मध्ये साप उचलण्याचा उल्लेख आहे. अमेरिकेत जॉर्ज हेन्सली नावाचा एक प्रचारक, हे अक्षरशः पाळावे म्हणून उपासनेत विषारी साप हातात घेत असे. १९५५ साली तो सर्पदंशानेच मरण पावला. येथे प्रभूचा मोह आठवा (मत्तय ४). मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, हे सैतानाने स्तोत्र ९१चा आधार घेऊनच सांगितले होते. प्रभूने ते स्तोत्र नाकारले नाही. त्याने त्याच्यासमोर दुसरे वचन ठेवले : देवाची परीक्षा पाहू नये. एकटे वाक्य तोडून घेणे ही मोह पाडणाऱ्याची रीत आहे. वचनाशेजारी वचन ठेवून वाचणे ही प्रभूची.

पण बंधुभगिनींनो, एवढ्यावर थांबलो तर मी तुम्हाला अर्धेच सांगितले असे होईल. दुसरा धोका अधिक मोठा आहे आणि तो आपल्या बहुतेकांचा आहे. जे वचन अडचणीचे वाटते त्याला "ते लाक्षणिक आहे हो" म्हणून आपण बाजूला सारतो. डोळा उपटून टाका हे प्रभूचे बोलणे लाक्षणिक आहे, हे सर्वांना पटते. पण त्याच अध्यायात (मत्तय ५:२३-२४) अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करावा असेही प्रभू सांगतो. त्यात कसली आली लक्षणा? बांधावरून सख्ख्या भावाशी दहा वर्षे दावा चालू आहे, बोलणे बंद आहे, आणि आपण ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत एकामागे एक उभे असतो. इजिप्तमधील तरुण अंतोनीने श्रीमंत तरुणाचा उतारा मंदिरात ऐकला आणि बाहेर पडून खरोखरच आपली जमीन देऊन टाकली. शत्रूंना क्षमा करा हे प्रभूने नुसते सांगितले नाही; क्रुसावर ते अक्षरशः केले.

मग अक्षरशः काय घ्यावे आणि काय घेऊ नये? संत ऑगस्टीन यांनी एक सोपी कसोटी दिली आहे : ज्या अर्थाने देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रीती वाढत नाही, तो अर्थ अजून नीट समजलेला नाही. मावशींना गोळ्या सोडायला लावणारा अर्थ या कसोटीला उतरत नाही. भावाशी अबोला चालू ठेवू देणारा अर्थही उतरत नाही.

त्या मावशी आता सकाळी गोळी घेण्यापूर्वी क्रुसाची खूण करतात. याकोबाचे वचन त्यांनी सोडलेले नाही. ते त्यांना आता अधिक चांगले कळले आहे.

घरी चिंतनासाठी : या आठवड्यात मत्तयचा पाचवा अध्याय कुटुंबात एकत्र वाचा. त्यातील कोणते वचन मी केवळ सोयीसाठी 'लाक्षणिक' ठरविले आहे? ते पाळायचे तर मला कोणाच्या दारात जावे लागेल?