दोघे जण, एक छत्री

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर तौपो नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकांमुळे तयार झालेल्या खळग्यात ते साठले आहे. या परिसरात विमानातून उडी घेण्यासाठी हौशी लोक येतात. कल्पना करा, सुट्टीत तुम्ही घरच्या मंडळींबरोबर तेथे गेला आहात. आजी सतरंजीवर डबे मांडते आहे आणि दादा पहिल्या उडीसाठी विमानात बसला आहे. तो एकटा नाही. अनुभवी प्रशिक्षकाच्या पुढे, त्याच्या छातीशी, तो चार ठिकाणी पट्ट्यांनी पक्का जोडलेला आहे. हीच ‘टँडम’ म्हणजे जोडउडी.

वर पाहता पाहता आई म्हणते, “माणसं दोन आणि छत्री एकच! दुप्पट वेगाने खाली येतील की काय?”

आईची शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपण शोधू या.

विमान सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. छत्री उघडणार सुमारे १,५०० मीटरवर. म्हणजे मधले २,१५० मीटर दोघेही नुसते पडणार. हवा नसती तर वेग दर सेकंदाला ९.८ मीटरने वाढत गेला असता. हे अंतर २१ सेकंदांत संपले असते आणि अखेरचा वेग ताशी ७०० कि.मी.च्याही पुढे गेला असता!

प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण हवा विरोध करते. वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो. वेग वाढता वाढता एक क्षण असा येतो की हवेचा विरोध आणि वजन सारखे होतात. मग वेग वाढत नाही. यालाच ‘अंतिम वेग’ म्हणतात. पालथ्या पडणाऱ्या एकट्या माणसाचा अंतिम वेग ताशी सुमारे २०० कि.मी. असतो. तो गाठल्यावर पडल्यासारखे वाटत नाही. हवेच्या गादीवर पालथे झोपल्यासारखे वाटते.

आता दोघांचे पाहू. एकावर एक असल्याने वजन दुप्पट झाले, पण हवेला अडणारे क्षेत्रफळ फारसे वाढले नाही. वजन तोलायला दुप्पट विरोध हवा. त्यासाठी वेग दुप्पट लागत नाही. २ चे वर्गमूळ काढा : सुमारे १.४. म्हणून वेग २०० ऐवजी सुमारे २८० होईल.

याचा पडताळा घरी घेता येतो. कागदाचे तीन सारखे द्रोण घ्या. दोन द्रोण एकात एक बसवा. मोठ्या माणसाला स्टुलावर उभे राहून जोडी आणि एकटा द्रोण एकाच उंचीवरून एकदम सोडायला सांगा. जोडी आधी पोचेल. आता जोडीच्या वरच्या बाजूला दोऱ्याने पातळ कागदाची छोटी छत्री बांधा. जोडी रेंगाळू लागेल.

उडीतही हीच युक्ती करतात. जोडउडीची पद्धत १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत आकाराला आली. सुरुवातीच्या उड्यांत जोडी फार वेगाने पडे आणि मोठी छत्री उघडताना जबर हिसका बसे. म्हणून एका छोट्या छत्रीची भर घालण्यात आली. विमानातून बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच प्रशिक्षक ती मागे सोडतो. तिचा व्यास जेमतेम दीड मीटर, पण ती जोडीचा वेग पुन्हा २०० च्या आसपास आणते. त्यामुळे ते २,१५० मीटर पडायला सुमारे पाऊण मिनिट लागते. पुढे हीच छोटी छत्री मोठ्या छत्रीला पाठीवरच्या पिशवीतून ओढून काढते.

मोठी छत्री ३० चौ. मीटरपेक्षा मोठी असते. ती फाडकन उघडली तर इजा होईल. म्हणून तिच्या दोऱ्यांमधून सरकत खाली येणारा एक कापडी चौकोन असतो. तो दोऱ्या एकदम फाकू देत नाही, त्यामुळे छत्री तीन-चार सेकंदांत हळूहळू फुलते. मग जोडी सेकंदाला सुमारे ५ मीटर अशी पाच मिनिटांत खाली येते. जमिनीजवळ प्रशिक्षक दोन्ही दोऱ्या ओढतो, छत्रीची मागची कड खाली वाकते आणि वेग आणखी कमी होतो.

छत्री उघडलीच नाही तर? पाठीवर दुसरी, राखीव छत्री असतेच. शिवाय एक लहानसे यंत्र हवेच्या दाबावरून उंची आणि वेग ओळखते. जमीन जवळ आली तरी पडण्याचा वेग कमी झाला नाही, तर ते राखीव छत्री आपोआप उघडते.

तेव्हा आईला सांगा : दोघांचे वजन जास्त आहे हे खरे, पण त्याचा हिशोब आधीच केलेला आहे. तो पाहा, दादा उतरला. आजीने त्याचा डबा झाकून ठेवला आहे.

आता तुम्ही करून पाहा : द्रोण चार एकात एक बसवले, तर त्यांचा अंतिम वेग एका द्रोणाच्या किती पट होईल?