तेलविहिरीचा चिखल आणि त्याचे बदलते मालक

आखाती देशांत तेलक्षेत्रावर नोकरी केलेल्यांना ‘मड’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतर वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. विहीर खोदताना पाणी किंवा तेल, बेंटोनाइट माती आणि बॅराइटची पूड यांचे मिश्रण पाइपातून खाली सोडतात. ते खोदणाऱ्या पात्याला थंड ठेवते, दगडाचा चुरा वर आणते आणि मुख्य म्हणजे आपल्या वजनाने खालचा वायू दाबून धरते. बॅराइट पाण्याच्या चौपटीहून जड असते.

हीच पूड पूर्वी रंगात भरणी म्हणून घालीत. 1920 च्या दशकात अमेरिकेतील लुइझियाना राज्यात बेन स्ट्राउड यांनी मडमध्ये जड खनिज मिसळण्याची युक्ती मांडली आणि नॅशनल लेड या रंग व शिशाच्या कंपनीचा ‘बॅरॉइड’ हा माल तेलक्षेत्रात चालू लागला. आर्कान्सासमधील मॅग्नेट कोव्ह येथील बॅराइटवर दुसरी कंपनी उभी राहिली. तिचे नाव मॅगकोबार. ती पुढे ड्रेसर इंडस्ट्रीजकडे गेली.

1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले, विहिरी बंद पडल्या, मडला गिऱ्हाईक उरले नाही. त्या मंदीत ड्रेसरची मॅगकोबार आणि हॅलिबर्टनची इम्को या दोघी एक होऊन ‘एम-आय’ कंपनी झाली. ड्रेसरचा हिस्सा 64 टक्के, हॅलिबर्टनचा 36 टक्के.

1994 मध्ये ड्रेसरने बॅरॉइडही घेतली. एम-आय आणि बॅरॉइड एकाच घरात आल्यावर गिऱ्हाइकाने भावाची घासाघीस कोणाशी करायची? अमेरिकेच्या न्याय खात्याने हरकत घेतली. ड्रेसरला एम-आयमधला हिस्सा स्मिथ इंटरनॅशनलला 16 कोटी डॉलरला विकावा लागला. शिवाय नव्या मालकाने हा धंदा श्लंबर्जरसारख्या ठराविक प्रतिस्पर्ध्यांशी जोडू नये, अशी अट कोर्टाच्या आदेशात घातली गेली.

व्यापाऱ्याने येथे जरा आकडेमोड करावी. 64 टक्क्यांचे 16 कोटी, म्हणजे सबंध कंपनीची किंमत 25 कोटी. 1998 मध्ये हॅलिबर्टनने ड्रेसरच विकत घेतली, बॅरॉइड तिच्याकडे आली आणि एम-आयमधले 36 टक्के तिने स्मिथला 26.5 कोटींना दिले. या हिशेबाने सबंध कंपनी 73 कोटींच्या वर गेली! मधल्या काळात एम-आयने नॉर्वेची अँकर ही कंपनी घेतली होती, धंदाही वाढला होता. तेव्हा सगळा फरक सक्तीच्या विक्रीचा नव्हे. तरी ज्याला विकणे भाग आहे त्याच्याकडून खरेदी करण्यातला फायदा लपत नाही.

1999 च्या जुलैत स्मिथने 40 टक्के हिस्सा 28 कोटींना विकला, आणि तोही नेमका श्लंबर्जरला. आदेशातली अट पाच वर्षांपूर्वीची, पण जिवंत होती. त्याच वर्षी डिसेंबरात कोर्टाने दोन्ही कंपन्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवले. प्रत्येकी साडेसात लाख डॉलर दंड झाला आणि त्याखेरीज 1 कोटी 31 लाख डॉलर भरावे लागले. भागीदारी मात्र टिकली. मोठ्या कंपन्यांना दंड हा कधी कधी खर्चाच्या खात्यातला एक आकडा वाटतो, तो असा.

20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’वर मड काढून त्याच्या जागी समुद्राचे पाणी भरण्याचे काम चालू होते. पाणी हलके, वायूचा जोर वर आला व स्फोट झाला. 11 माणसे मेली. त्यांतले दोघे एम-आय स्वाकोचे, म्हणजे याच कंपनीचे, मड इंजिनिअर होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये श्लंबर्जरने स्मिथ कंपनीच ताब्यात घेतली आणि एम-आय पूर्णपणे तिची झाली. 1994 च्या आदेशाने जे टाळायचे होते ते 16 वर्षांनी रीतसर घडले. श्लंबर्जर 2022 पासून एसएलबी हे नाव लावते.

कच्चा माल मात्र आपल्याकडेही आहे. आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथे बॅराइटचा जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक साठा असून तेथली खाण राज्य सरकारचे खनिज महामंडळ चालवते. तेथून पूड अमेरिकेला आणि आखाताला जाते.