ढगात डोंगर असेल तर?

प्रश्न : काठमांडूला उतरताना आमचं विमान बराच वेळ ढगात होतं. ढग फाटले तेव्हा डोंगर अगदी खिडकीशी आल्यासारखा दिसला. काहीच दिसत नसताना पायलट डोंगर चुकवतो तरी कसा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रस्त्यातला खड्डा बघून स्टिअरिंग वळवावं, तसा तर मुळीच नाही. डोंगर चुकवण्याचं काम विमान उडण्याच्या कितीतरी आधी, कागदावर झालेलं असतं. विमानतळाभोवती साधारण २५ सागरी मैलांचं वर्तुळ घेऊन त्याचे भाग पाडतात आणि प्रत्येक भागातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान १,००० फूट वर एक उंची ठरवतात. नक्की कुठे आहोत याची खात्री होईपर्यंत त्याखाली जायचं नाही. त्यानंतरची उतरण चार्टवर छापलेली असते : धावपट्टीपासून इतक्या अंतरावर इतकी उंची, पुढच्या टप्प्यावर इतकी. काठमांडूचा विमानतळच समुद्रसपाटीपासून ४,३९० फुटांवर आणि दक्षिणेकडून येताना महाभारत रांग आडवी, त्यामुळे तिथली जुनी उतरण म्हणजे एक उभा जिनाच होता.

या जिन्यावर एक पायरी आधी उतरलं तर काय होतं, ते २८ सप्टेंबर १९९२ रोजी दिसलं. पाकिस्तानच्या पीआयएचं एअरबस प्रत्येक टप्प्यावर चार्टपेक्षा एक पायरी खाली येत राहिलं आणि धावपट्टीच्या बरंच अलीकडे डोंगरावर आदळलं. १६७ जण गेले. विमानात बिघाड नव्हता.

असाच एक अपघात आपल्या जुन्नरजवळ झाला आहे, हे फारसं कुणाला आठवत नाही. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-८ दावंड्याच्या डोंगरावर आदळलं, सुमारे ३,६०० फुटांवर. ९४ पैकी कुणीही वाचलं नाही. मुंबई अजून ऐंशीएक किलोमीटर दूर होती. पण आपण त्याहून पुष्कळ जवळ आलोय अशा समजुतीने पायलटने उतरायला सुरुवात केली होती. डोंगर नकाशात होता तिथेच होता, विमान मात्र वैमानिकांना वाटत होतं तिथे नव्हतं. अशा अपघातांत गोम बहुतेक वेळा इथेच असते, ढग नुसते बदनाम होतात.

उंची सांगणारं यंत्रही डोळे झाकून विश्वास ठेवावा असं नाही. ते हवेचा दाब मोजतं, म्हणून त्या दिवशीचा स्थानिक दाब टॉवरकडून घेऊन त्यात लावावा लागतो. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जवळपास ३० फुटांची चूक. कडाक्याच्या थंडीत तर ते खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतं, त्यामुळे तेवढी भर घालून चार्टचे आकडे वाढवून घ्यावे लागतात.

शेवटचा पहारेकरी म्हणजे कॉकपिटमधला ‘टेरेन, टेरेन, पुल अप’ हा आवाज. हा इशारा देणारं जुनं यंत्र फक्त थेट खाली बघायचं. समोर उभा कडा असला तर इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असे. डॉन बेटमन या अभियंत्याच्या चमूने जगाच्या भूभागाचा नकाशाच यंत्रात भरला. त्यासाठी लागणारे कित्येक नकाशे सोव्हिएत संघ कोसळल्यावर विकत मिळाले, हा शीतयुद्धाचा एक विरळा फायदा म्हणायचा! आता विमान कुठे आहे हे उपग्रहांवरून कळतं, आणि पुढे डोंगर असेल तर यंत्र आधीच ओरडतं.

ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही, तर विमान पुन्हा वर घ्यायचं. त्या वर जाण्याचीही वाट आखलेली असते, कारण पुढेही डोंगरच असतात. पीआयएच्या अपघाताआधी दोनच महिने थाई एअरवेजचं विमान काठमांडूला उतरणं सोडून वर गेलं, दक्षिणेऐवजी उत्तरेला निघालं आणि लांगटांगच्या डोंगरात संपलं.

भूतानमधलं पारो मात्र तुमच्या कल्पनेतल्यासारखं आहे. तिथे दिवसाउजेडी, डोळ्यांनी बघत, दरीतून वळणं घेत उतरतात आणि त्यासाठी पायलटला वेगळं प्रशिक्षण लागतं. दरी दिसत नसेल तर विमान उतरतच नाही. तिकडे जाणार असाल, तर पुढच्या विमानाचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.