निलगिरी : फूल, तेल आणि पाणी

ज्या झाडाला आपण निलगिरी म्हणतो, त्याला हे नाव दक्षिणेतील निलगिरी पर्वतावरून मिळाले. झाड मात्र तेथील नव्हे. ‘युकॅलिप्टस ग्लोब्युलस’ ही जाती मूळची ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील व टास्मानिया बेटावरील. १८४३ साली ती निलगिरीत आणण्यात आली आणि उटकमंड परिसरातील वाढत्या वस्तीला सरपण मिळावे म्हणून पुढे तिची विस्तृत लागवड झाली.

हिचे फूल विद्यार्थ्यांना हाती देऊन दाखवावे असे आहे. त्याला पाकळ्या दिसत नाहीत. कळीवर एक घट्ट टोपण असते. फूल उमलताना ते गळून पडते व आतील पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका मोकळा होतो. ‘युकॅलिप्टस’ म्हणजे ग्रीक भाषेत ‘नीट झाकलेले’. फुलांत मध विपुल असल्याने मधमाश्या त्यांवर गर्दी करतात. टास्मानियाने १९६२ साली हेच आपले राज्यपुष्प ठरविले.

पानांच्या ऊर्ध्वपातनाने तेल निघते. सिनिओल हा त्याचा मुख्य घटक. पडशात वाफाऱ्यासाठी व दुखऱ्या सांध्यांना चोळण्यासाठी ते वापरतात. पोटात मात्र घेऊ नये, मुलांना तर ते विषासमान आहे. लाकूड सरपणास व कागदाच्या लगद्यास उपयोगी पडते.

एवढे गुण असता आक्षेप का, याचे उत्तर निलगिरीतच मिळाले. ग्लेनमॉर्गन येथे शेजारशेजारचे दोन गवताळ पाणलोट निवडून १९७२ साली त्यांपैकी एकाच्या सुमारे ५९ टक्के भागावर ही झाडे लावण्यात आली. दुसरा तसाच राखला. पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत वाहून येणारे पाणी सरासरी १६ टक्क्यांनी घटले. तोडलेल्या बुंध्यांच्या फुटव्यांवर वाढलेल्या दुसऱ्या फेरीत ही घट सुमारे २५ टक्क्यांवर गेली. कोरड्या दिवसांतील ओघही आटला. ओढ्याच्या उगमाशी किंवा गावविहिरीच्या वरच्या अंगाला लागवड करण्याचा ठराव मांडणाऱ्या पंचायतीने हे आकडे सभेपुढे ठेवलेच पाहिजेत.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. ग्लोब्युलसला थंड, उंच प्रदेश लागतो. महाराष्ट्राच्या मैदानी भागात बांधांवर दिसणारी निलगिरी बहुधा ‘टेरेटिकॉर्निस’ जातीची, म्हणजे म्हैसूरकडून प्रसार पावलेली असते. ग्लोब्युलसची कळी मोठी, खडबडीत, गुंडीसारखी व बहुधा एकेकटी येते. टेरेटिकॉर्निसच्या कळ्या लहान, घोसाने येणाऱ्या आणि शिंगासारख्या निमुळत्या टोपणाच्या असतात. रोपवाटिकेतून रोपे घेताना कळी पाहावयास मिळत नाही, म्हणून जातीचे नाव लेखी मागून घ्यावे.