गोळी सुरू झाली आणि अंग जड झालं, तर?



या महिन्याच्या आरोग्य पाठात आपण अशा विषयावर बोलणार आहोत, जो बैठकीत कुणी मोठ्याने काढत नाही. बैठक संपली, चटई गुंडाळली, की कोपऱ्यात हळूच विचारलं जातं, "गोळ्यो घेतल्यापासून अंग जड झाला, कायच करूक जमना नाय. बंद करू काय?"

या गोळ्या म्हणजे उदासीनतेवरच्या, डॉक्टरांच्या भाषेत डिप्रेशनवरच्या. आपल्या भागात बऱ्याच जणींना त्या चालू असतात, पण घरात "झोपेची गोळी" किंवा "ताकदीची गोळी" एवढंच सांगितलेलं असतं. पाठातली मुख्य गोष्ट आधीच सांगते, बाकी विसरलात तरी चालेल. थकवा आला तर डॉक्टरांशी बोलायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

थकवा तीन वाटांनी येतो

पहिली वाट आजाराची. उदासीनतेचा आजार फक्त मनात राहत नाही. झोप मोडते, भूक जाते, हातपाय गळून जातात. डॉक्टरकडे गेल्यावर आपण "मन लागत नाही" असं सांगत नाही, "अशक्तपणा आहे, अंग दुखतं" असं सांगतो. आपल्या शेजारी गोव्यात १८ ते ५० वयाच्या सुमारे २५०० बायकांचा अभ्यास झाला होता आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण दर आठ बायकांमागे एकीला सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकवा होता. त्या थकव्याचा संबंध गरिबी, घरातला जाच आणि मनाचा त्रास यांच्याशी दिसला, रक्तातल्या हिमोग्लोबिनशी दिसला नाही. म्हणजे "रक्त कमी असेल, बीट खा" एवढ्यावर प्रत्येकीचा थकवा जाणारा नाही.

दुसरी वाट गोळीची. गोळी सुरू केल्यावर पहिले एक-दोन आठवडे झोप येणं, डोकं जड होणं, तोंड कोरडं पडणं, मळमळणं हे बऱ्याच जणींना होतं. शरीराला सवय झाली की त्यातलं बरंच कमी होतं.

तिसरी वाट शरीराची. रक्त कमी असणं, थायरॉइड, साखर, बी-१२ कमी असणं, पाळीत जास्त रक्त जाणं, दिवस राहिलेले असणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. म्हणून गोव्यातला तो अभ्यास वाचून रक्ततपासणी टाळू नका. तपासणी करायचीच, पण सगळा दोष रक्तावर टाकून थांबायचं नाही.

पुष्कळदा या तिन्ही वाटा एकत्र येतात. कुठली किती, ते डॉक्टर ठरवतील. पण त्यांना ठरवता यावं म्हणून माहिती आपण द्यायची असते.

लोक गोळी नेमकी कधी सोडतात?

इथेच सगळं बिघडतं. या गोळ्यांचा त्रास पहिल्या दिवसापासून जाणवतो, पण गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहासुद्धा. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात ताईच्या पदरात फक्त त्रास पडतो. ती म्हणते, "आधी नुसती उदास होते, आता उदास पण आणि झोपाळू पण." घरचे म्हणतात, "पैसे घालवून झोप विकत घेतलीस." आणि गुण यायच्या बेतात असतानाच गोळी बंद होते.

काही जणी उलट करतात. महिन्याभरात बरं वाटलं की गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही ही औषधं साधारण सहा महिने किंवा जास्त घ्यावी लागतात, नाहीतर आजार परत डोकं वर काढतो.

अचानक सोडल्यावर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप उडणं, अंगात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. मग वाटतं, "बघा, गोळीची सवय लागली." तसं नाही. या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही, पण शरीर त्यांना सरावलेलं असतं. त्या हळूहळू, डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीनेच कमी करायच्या.

आपली गोळी कुठली, ते ओळखा

पुढच्या बैठकीला जायच्या आधी घरी पाकिटावरचं नाव वाचा किंवा मुलाकडून वाचून घ्या. कंपनीचं मोठ्या अक्षरातलं नाव नको. खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं, ते वाचा.

- फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम: यांनी कुणाला झोप येते, तर कुणाची झोप उडते. फ्लुओक्सेटिन बहुतेक वेळा सकाळी घ्यायला सांगतात.
- अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन: यांनी झोप जास्त येते, म्हणून रात्री देतात. अमिट्रिप्टिलिन कमी डोसमध्ये डोकेदुखीसाठी आणि नसांच्या दुखण्यासाठीही देतात.
- क्लोनाझेपाम: ही उदासीनतेवरची गोळी नाही. ती घबराट आणि झोपेसाठी असते, पण पुष्कळदा एसिटालोप्रामबरोबर एकाच गोळीत असते. दिवसभरची गुंगी बऱ्याचदा हिच्यामुळे असते. हिची मात्र सवय लागू शकते, आणि अचानक बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून "एवढी एकच काढून टाकते" असं स्वतः करू नका. डॉक्टरांना विचारा, "डॉक्टर, यात क्लोनाझेपाम आहे का? ते किती दिवस घ्यायचं?"

सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध, खाजेवरची गोळी यांनीही गुंगी वाढते. मेडिकलमध्ये काहीही मागताना "माझी मनाच्या आजाराची गोळी चालू आहे" हे सांगायला लाजू नका. अंगदुखीच्या गोळ्या सारख्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण काही गोळ्या एकत्र घेतल्यावर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दारू पूर्ण वर्ज्य.

घरी काय करता येईल?

१. वेळ विचारून घ्या. झोप येत असेल तर "ही गोळी रात्री घेतली तर चालेल का?" एवढा एकच प्रश्न डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा त्यानेच निम्मा त्रास जातो. वेळ मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच बदलायची.

२. कॅलेंडरवर खूण करा. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच. रोज रात्री त्या तारखेवर टिंब द्या. थकवा कमी असेल तर एक टिंब, मध्यम असेल तर दोन, उठवतच नसेल तर तीन. गोळी सुरू झाली त्या दिवशी गोल करा. लिहिता येत नसलं तरी हे जमतं. तीन आठवड्यांनी ते पान डॉक्टरांना दाखवलंत, तर पाच मिनिटांत त्यांना जे कळेल, ते एरवी अर्ध्या तासात सांगून होणार नाही.

३. दुपारची झोप अर्ध्या तासाची. जास्त झोपलं की रात्री झोप येत नाही आणि सकाळी अंग आणखी जड होतं. संध्याकाळनंतरचा चहा कमी करा.

४. जड काम बऱ्या वेळेला. दिवसात एखादा तास तरी थोडा बरा जातो. कुणाचा सकाळचा, कुणाचा चारनंतरचा. पाणी भरणं, कपडे धुणं त्या तासात घ्या. उरलेल्या वेळात बसून करायची कामं.

५. थोडं तरी चाला. अंगात त्राण नसताना हे उलटं वाटेल. पण "बरं वाटलं की करीन" म्हणून थांबलं तर करणं होतच नाही. आधी थोडं करायचं, मग थोडं बरं वाटतं. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच पद्धतीवर ४९५ रुग्णांचा अभ्यास झाला. तिथे समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. रुग्णाला जमेल असं एक छोटं काम ठरवायचं, ते झालं का ते पाहायचं, मग पुढचं, अशी ती पद्धत. त्या रुग्णांना नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा झाला. आपल्यासाठी म्हणजे रोज दहा मिनिटं शेजारणीबरोबर देवळापर्यंत जाऊन येणं.

६. उपाशी गोळी घेऊन कामाला लागू नका. सकाळची पेज, भाकरी, काहीतरी पोटात हवं. लोहाची गोळी चालू असेल तर ती चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर चालते. पाणी भरपूर प्या. बिछान्यातून उठताना आधी मिनिटभर बसा, मग उभ्या राहा, म्हणजे चक्कर येणार नाही.

पहिले पंधरा दिवस जपून

गोळी नवीन असेल किंवा डोस वाढवला असेल, तर गुंगी किती येते ते कळेपर्यंत हायवेवर स्कूटी चालवू नका. विहिरीवर एकट्याने पाणी ओढू नका. काजू फोडायच्या मशीनवर बसत असाल तर काही दिवस सोलायचं किंवा निवडायचं काम मागून घ्या. मशीनवर एक डुलकी म्हणजे बोट जातं.

ताबडतोब डॉक्टरकडे जायचं, वाट बघायची नाही

- जीव द्यावा असे विचार येणं किंवा वाढणं. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः २५ वर्षांखालच्या मुलींमध्ये, घरच्यांनी याकडे जास्त लक्ष द्यायचं. अशा वेळी तिला एकटं सोडू नका, आणि शेतातली औषधं कुलपात ठेवा.
- अस्वस्थपणा इतका की एका जागी बसवत नाही.
- झोप न घेताही अंगात अचानक भलताच उत्साह, न थांबता बडबड.
- शुद्ध हरपणं, गोंधळल्यासारखं होणं, फिट येणं, अंगावर पुरळ किंवा सूज.
- गोळी चालू असताना दिवस राहिल्याचं कळलं, तर गोळी बंद न करता लगेच डॉक्टरांना भेटा. बाळ अंगावर पीत असेल तरी सांगा.

जायचं कुठे?

सुरुवात आपल्या बांद्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. पुढे सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय आहे. बऱ्याच जणी बांबोळीलाही जातात. मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात ते आशाताईंकडून आधी विचारून घ्या, म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी फुकट जाणार नाही. जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं आणि कॅलेंडरचं पान बरोबर न्या.

फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि आपला समूह?

आता थोडं आपल्या सगळ्यांबद्दल. समजा, समूहातली एक ताई लागोपाठ दोन बैठकांना आली नाही. नियमाप्रमाणे दंड लागला. तिसऱ्या बैठकीला आली, तर भिंतीला टेकून पेंगत बसली. कुणीतरी म्हणालं, "तिका काय झाला, नुसती निजान असता." चौथ्या बैठकीला तिने बचत मुलीच्या हाती पाठवली. आणि घरी तिने गोळी बंद केली, कारण आळशी म्हणवून घेण्यापेक्षा उदास राहणं तिला सोपं वाटलं.

या गोष्टीत औषध चुकलं नाही, डॉक्टरही चुकले नाहीत. तिला तीन आठवड्यांची सवलत हवी होती आणि ती कुणी दिली नाही. आपण बाळंतिणीला सवलत देतो, पाय मोडलेल्या बाईला देतो. मग हिला का नाही?

दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे. म्हणून समूहाने एवढं ठरवावं:

- आजारपणाच्या गैरहजेरीला दंड नाही. नोंदवहीत फक्त "आजारी" लिहायचं. कसला आजार ते लिहायचं नाही आणि विचारायचंही नाही. आपली माहिती गुप्त राहावी हा रुग्णाचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दिलेला आहे.
- डॉक्टरकडे जायला भाडं नसेल तर अंतर्गत कर्जात आजारपणाला आधी नंबर.
- एक मैत्रीण सोबत. एकीने तिच्याबरोबर दवाखान्यात जायचं, आठवड्यातून दोनदा घरी डोकवायचं, आणि "गोळी घेतलीस?" याच्याआधी "जेवलीस?" विचारायचं.
- "आळशी", "येडी" हे शब्द बैठकीत नकोत. बैठकीबाहेरही नकोत.

सासवांना एक विनंती. सून गोळी घेऊन दुपारी आडवी झाली, तर ती काम चुकवत नाही, उपचार घेते आहे. पंधरा दिवस रात्रीची भांडी दुसऱ्या कुणी घासली तर घर बुडत नाही. मुलग्यालाही घासता येतात.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या समूहात आजारपणाच्या गैरहजेरीचा नियम काय आहे? बदलायचा असेल तर ठराव कोण लिहील?
२. "थकवा" म्हटलं की आपण पहिला सल्ला काय देतो? तो दर वेळी बरोबर असतो का?
३. गोळी सुरू झाल्यावर गुण यायला किती आठवडे लागतात? (उत्तर पाठात आहे. प्रत्येकीने मोठ्याने सांगायचं.)
४. आपल्या वाडीत सोबत जायला तयार असलेल्या दोघी कोण? त्यांची नावं ठरवून आशाताईंना कळवा.

ज्यांना ही गोळी चालू आहे, त्यांनी बैठकीत काही सांगायची सक्ती नाही. आज रात्री कॅलेंडरवर एक टिंब द्या आणि गोळी चालू ठेवा, एवढं पुरे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, बांदा